खिशातला बर्फ

चैत्र-वैशाखातल्या एखाद्या दुपारी आभाळ एकाएकी काळवंडतं, वारा सुटतो, पत्र्यांवर ताडताड आवाज सुरू होतो. मोठी माणसं ‘डोकं फुटेल, आत या’ म्हणून ओरडत असतात आणि पोरं गारा वेचायला अंगणात धावतात. गार तोंडात टाकायची असते, दुसऱ्याच्या पाठीत सोडायची असते आणि एखादी राखून ठेवायची असते. मी माझी फ्रॉकच्या खिशात ठेवली होती. संध्याकाळी आजीला दाखवायला हात घातला तर खिसा नुसता ओला. गार वितळते हे मला ठाऊक होतं, तरी मी खिसा उलटा करून पाहिला होता.

पुढे कितीतरी वर्षांनी तोच खिसा मला एका चित्रपुस्तकात भेटला. पुस्तकाचं नाव ‘द स्नोई डे’. लेखक आणि चित्रकार एझ्रा जॅक केट्स. न्यूयॉर्कच्या व्हायकिंग प्रेसने ते १९६२ साली काढलं. पीटर नावाचा एक लहानगा दिवसभर बर्फात खेळतो, घरी परतताना बर्फाचा एक गोळा उद्यासाठी म्हणून कोटाच्या खिशात ठेवतो आणि झोपण्यापूर्वी पाहतो तर खिसा रिकामा. मी वाचलेल्या बालसाहित्यात इतक्या थोड्या शब्दांत मांडलेलं दुःख दुसरं नाही.

या पुस्तकाला मोठा इतिहास आहे, पण आधी पुस्तकच हातात घेऊया.

सुरुवातीला पीटर पलंगावर बसून खिडकीबाहेर पाहतो आहे. रात्रीत बर्फ पडून शहर झाकून गेलं आहे. पुढच्या पानावर तो टोकदार टोपड्याचा लाल कोट घालून बाहेर पडतो आणि मग कितीतरी पानं काहीच ‘घडत’ नाही. तो चालतो. आधी चवडे बाहेरच्या बाजूला करून, मग आतल्या बाजूला करून. मागे उमटलेली पावलं पाहतो. मग पाय न उचलता घसटत नेतो आणि बर्फात दोन लांब रेघा उठतात. केट्सची खरी करामत इथे सुरू होते. त्या दोन रेघांच्या शेजारी अचानक तिसरी रेघ दिसते. दोन पायांच्या मुलाच्या मागे तीन रेघा कशा? लहान मूल इथे थांबतं, बोट ठेवून मोजतं. उत्तर पान उलटल्यावर मिळतं: पीटरला बर्फात एक काठी सापडली आहे. आधी खूण आणि मग वस्तू, असा हा क्रम आहे. पान उलटण्याचा असा उपयोग करणारा माणूस मुलांच्या कुतूहलाची चाल ओळखून असतो. काठी हाती आली की मूल काय करणार, हे आपल्याला सांगायला नको. तो बर्फ साचलेल्या झाडाला ती मारतो आणि झाडावरचा बर्फ त्याच्याच डोक्यावर येतो.

पुढे मोठी मुलं एकमेकांवर बर्फाचे गोळे फेकत असतात. पीटरला त्यांच्यात जायचं आहे, पण आपण अजून तेवढे मोठे नाही हे त्याला कळतं. केट्स यावर एकच वाक्य खर्च करतो. कुणी त्याची समजूत घालत नाही, कुणी त्याला हिणवत नाही. तो आपला बाजूला होतो, हसऱ्या चेहऱ्याचा बर्फाचा माणूस करतो, बर्फात पाठीवर पडून हात हलवून देवदूताचे पंख उमटवतो, ढिगाऱ्यावर चढून गिर्यारोहक होतो आणि घसरत खाली येतो. एकट्या मुलाचा खेळ इतका भरलेला असतो, हे मोठेपणी आपण विसरून जातो.

मग घर. आई त्याचे ओले मोजे काढते आणि तो तिला सगळं सांगतो. टबात बसून तो दिवसभराच्या पराक्रमांचा पुन्हा पुन्हा विचार करतो. आणि मग तो खिसा. बर्फाचा गोळा नाही. त्याला फार वाईट वाटतं. आईला हाक नाही, कारणांची चर्चा नाही, ‘अरे, बर्फ वितळतो’ असं समजावणारं कुणी नाही. चार वर्षांच्या मुलाला आपल्या दुःखासोबत एक अख्खं पान एकटं राहू देण्याचं धैर्य या पुस्तकात आहे. रात्री स्वप्नात सूर्य येऊन सगळा बर्फ वितळवून टाकतो. सकाळी जाग येते तर बर्फ तसाच आहे, उलट नवा पडतो आहे. न्याहारी झाल्यावर पीटर समोरच्या बिऱ्हाडातल्या मित्राला हाक मारतो आणि दोघं खोल खोल बर्फात निघून जातात. खिशातला गोळा काही परत येत नाही. त्याच्या जागी एक मित्र येतो. हा बदल केट्स शब्दांत सांगत नाही, चित्रात दोन लहान आकृत्या दाखवतो आणि थांबतो.

मी आतापर्यंत जे सांगितलं त्यात एक गोष्ट आली नाही, कारण पुस्तकाच्या मजकुरातही ती कुठेच नाही. पीटर कृष्णवर्णीय आहे.

चित्रांत मात्र ती प्रत्येक पानावर आहे. पांढऱ्या शुभ्र पसाऱ्यात एक लाल कोट आणि त्यात एक तपकिरी चेहरा. बऱ्याच पानांवर पीटर पाठमोरा किंवा अगदी छोटा आहे, तरी डोळा जातो तो त्याच्याकडेच. पांढरा रंग इथे पार्श्वभूमी झाला आहे आणि तपकिरी रंग नायक. अमेरिकेतल्या काळ्या मुलांच्या वाट्याला तोवर चित्रपुस्तकांत जी जागा येत होती, ती या एका रंगयोजनेने उलटीपालटी केली. त्याआधी काळी मुलं असलेली पुस्तकं नव्हतीच असं नाही, पण एका मोठ्या प्रकाशनाने काढलेल्या पूर्ण रंगीत चित्रपुस्तकाचा नायक काळा मुलगा असणं ही फार दुर्मीळ गोष्ट होती. १९६३ साली या पुस्तकाला चित्रपुस्तकांसाठी दिलं जाणारं कॅल्डेकॉट पदक मिळालं. असा नायक असलेल्या पुस्तकाला हे पदक मिळण्याची ती पहिलीच वेळ.

पीटर आला कुठून? १९४० साली ‘लाइफ’ मासिकात चार छायाचित्रांची एक पट्टी आली होती. जॉर्जियातल्या एका लहान काळ्या मुलाचं रक्त तपासायला घेणार होते, त्या वेळचे त्याच्या चेहऱ्यावरचे बदलते भाव तीत होते. केट्सने ती कात्रणं कापून ठेवली. वीस वर्षांहून अधिक काळ ती त्याच्याजवळ होती, कधी भिंतीवर, कधी कागदांच्या गठ्ठ्यात. दरम्यान तो दुसऱ्यांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढत होता आणि त्याच्या लक्षात येत होतं की हाती येणाऱ्या संहितांमध्ये काळं मूल नायक म्हणून येतच नाही, आलंच तर मागच्या गर्दीत. स्वतःचं पुस्तक करायची वेळ आली तेव्हा त्याने भिंतीवरच्या त्या मुलाला बर्फात उतरवलं. सुईची वाट पाहत उभं असलेलं मूल बावीस वर्षांनी खेळायला बाहेर पडलं, असं मला ते पुस्तक पाहताना नेहमी वाटतं.

केट्स स्वतः कृष्णवर्णीय नव्हता. त्याचं मूळ नाव जेकब एझ्रा कॅट्झ. पोलंडमधून आलेल्या गरीब ज्यू आईवडिलांच्या पोटी तो १९१६ साली ब्रुकलिनमध्ये जन्मला. वडील एका खानावळीत वाढपी होते. मुलाने चित्रकार व्हावं हे त्यांना वरवर पसंत नव्हतं, तरी ते त्याला रंगांच्या नळ्या आणून देत आणि ‘एका उपाशी चित्रकाराने सुपाच्या बदल्यात दिल्या’ असं सांगत. १९३५ साली, केट्सच्या शाळेच्या पदवीदान समारंभाच्या आदल्या दिवशी, ते वारले. त्यांच्या पाकिटात मुलाला मिळालेल्या चित्रकलेच्या बक्षिसांच्या बातम्यांची जीर्ण कात्रणं निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर, ज्यू नावाच्या माणसाला काम मिळणं कठीण असलेल्या काळात, १९४७ साली त्याने नाव बदललं. आपण जे आहोत ते झाकावं लागणं म्हणजे काय, हे या माणसाला माहीत होतं. आणि कात्रण जपून ठेवणं हे त्याने बापाकडून घेतलं असावं, असं मी माझ्यापुरतं धरून चालते.

हे पुस्तक रंगवलेलं कमी आणि कातरून चिकटवलेलं जास्त आहे. पलंगावरची चादर म्हणजे बेल्जियमच्या कॅनव्हासचा तुकडा. आईचा झगा कपाटाच्या फळ्यांवर अंथरतात त्या मेणकापडाचा. बर्फाची नक्षीदार फुलं खोडरबर कोरून, त्याचे ठसे रंगात बुडवून उमटवलेली. रात्रीचा करडा अंधार दात घासायच्या ब्रशाने शाई उडवून केलेला. बाकीचे नक्षीचे कागद जपान, इटली, स्वीडन अशा कुठकुठल्या देशांतले. यातलं निम्मं सामान घरातल्या फडताळातलं आहे. पुस्तक मिटल्यावर मुलाला कात्री हवीशी वाटते, ती त्यामुळेच.

केट्सने याच्या दोन वर्षं आधी पॅट चेरबरोबर ‘माय डॉग इज लॉस्ट’ हे पुस्तक केलं होतं. प्वेर्तो रिकोहून न्यूयॉर्कला नुकताच आलेला, फक्त स्पॅनिश बोलणारा हुआनितो आपला हरवलेला कुत्रा शोधत शहरभर फिरतो आणि चायनाटाउन, लिटल इटली, हार्लेम अशा वस्त्यांतली मुलं त्याला मदत करतात. हेतू सुंदर, पुस्तकही गोड. पण त्यात विविधता ही दाखवण्याची गोष्ट आहे. वाचक शहराच्या सहलीला निघाल्यासारखा एकेक वस्ती पाहत जातो. ‘द स्नोई डे’मध्ये सहल नाही. पीटर कुणाचा प्रतिनिधी म्हणून उभा नाही. तो कुणाला काही शिकवत नाही, त्याच्यावर अन्याय होत नाही, शेवटी कुणाचं मतपरिवर्तनही होत नाही. त्याच्या वाट्याला एक अख्खा दिवस येतो, बस्स. दोन वर्षांत या लेखकाने केलेला प्रवास मला फार मोठा वाटतो. आपल्याकडे ‘विविधतेत एकता’ म्हणत निरनिराळे पोशाख घातलेली मुलं हात धरून एका रांगेत उभी करतात, ते चित्र मी लहानपणापासून पाहते आहे. त्या रांगेतल्या एकाही मुलाचं नाव मला कधी कळलं नाही.

पुस्तकाच्या बाजूने बोलताना त्याच्यावरच्या आक्षेपांवरून पुढे जाणं बरं नाही, कारण ते आक्षेप हलके नव्हते. नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ साली ‘सॅटर्डे रिव्ह्यू’मध्ये अमेरिकेतल्या बालपुस्तकांच्या गोऱ्या जगाबद्दल एक गाजलेला लेख लिहिला. पुस्तकांतली मुलं नेहमी गोरीच का असतात, हा पाच वर्षांच्या एका काळ्या मुलीचा प्रश्न त्यामागे होता. त्यांनी १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतली ५,२०६ पुस्तकं पडताळली. एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती असलेली त्यांत ३४९ निघाली, म्हणजे ६.७ टक्के. त्याच लेखात त्यांनी पीटरच्या आईवर बोट ठेवलं: भडक पिवळ्या चौकटींच्या झग्यातली ती धिप्पाड बाई जुन्या साचेबंद काळ्या मोलकरणीच्या चित्राची आठवण करून देते. शिवाय मजकुरात मुलाच्या वंशाचा उल्लेख नाही, हेही त्यांनी नोंदवलं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या पुस्तकात जे चित्रात उघड दिसतं त्याला शब्दांची चिठ्ठी कशाला, असा केट्सचा प्रतिवाद होता.

आईबद्दल लॅरिक यांचं म्हणणं मला पटतं. पीटरच्या चेहऱ्यामागे एक खरं मूल होतं, आईच्या मागे कुणी खरी बाई असल्यासारखं वाटत नाही. ती एक आकार आहे, मोठा आणि उबदार. लेखकाने जे जवळून पाहिलं नाही, ते चित्रात लपत नाही.

मजकुरातल्या मौनाचा प्रश्न अधिक अवघड आहे. काळ्या मुलांच्या पुस्तकांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या रुडीन सिम्स बिशप यांनी १९८२ साली आपल्या ग्रंथात अशी पुस्तकं एका वेगळ्या गटात टाकली: ज्यांत काळं मूल दिसतं, पण त्याची म्हणून काही बोली, चालीरीत, घरचं वातावरण दिसत नाही, रंग बदलला तर गोष्ट तीच राहील अशी. हे खरंच आहे. पण मला वाटतं, १९६२ साली नेमकं हेच मागायचं राहिलं होतं. आपल्या रंगाच्या मुलाला पुस्तकात शिरण्यासाठी कारण द्यावं लागू नये, हा हक्क आधी मिळवावा लागला. केट्सला एका शिक्षिकेचं पत्र आलं होतं. तिच्या वर्गातली मुलं पूर्वी स्वतःचं चित्र काढताना गुलाबी खडू घ्यायची, हे पुस्तक वाचल्यावर ती पहिल्यांदाच तपकिरी खडू घेऊ लागली. मजकुरात काहीच न सांगता त्या मुलांना जे कळायचं होतं ते कळलं होतं.

पुढचं पाऊल मात्र दुसऱ्याच कुणीतरी टाकायचं होतं. ते टाकलं ब्रुकलिनच्याच जॉन स्टेप्टो या विशीही न गाठलेल्या काळ्या मुलाने. त्याच्या ‘स्टीव्ही’त रॉबर्ट नावाचा मुलगा स्वतःच्या घरच्या बोलीत, घरी ठेवलेल्या एका लहान मुलाबद्दलची चिडचिड आणि नंतरची हुरहुर सांगतो. १९६९ साली ते आलं आणि ‘लाइफ’ मासिकाने ते पूर्ण छापलं. १९४० साली ज्या मासिकात एक काळं मूल न बोलता उभं होतं, त्याच मासिकात एकोणतीस वर्षांनी एक काळं मूल स्वतःच्या आवाजात बोललं. दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. एकाशिवाय दुसरं अपुरं राहतं.

आणि ही पुस्तकं शेजारी ठेवणारी फळी कुणी उभी केली, तेही सांगायला हवं. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या हार्लेममधल्या १३५व्या रस्त्यावरच्या शाखेत १९२१ साली पुरा बेलप्रे ही प्वेर्तो रिकोची तरुणी कामाला लागली. लोककथांच्या फळीवर तिला जगभरच्या गोष्टी दिसल्या, पण आजीकडून ऐकलेली आपल्या बेटावरची एकही नाही. मग पेरेझ उंदीर आणि मार्टिना झुरळीण यांची गोष्ट ती तोंडी सांगू लागली आणि १९३२ साली ती पुस्तकरूपाने आली. इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत ती मुलांना गोष्टी सांगे आणि ६ जानेवारीचा तीन राजांचा सण ग्रंथालयात साजरा करी. काऊ-चिऊच्या गोष्टीवर वाढलेल्या आपल्याला, परक्या शहरातल्या ग्रंथालयात घरची गोष्ट घरच्या भाषेत कानावर पडली तर काय वाटेल, याची कल्पना करता येईल. त्याच १३५व्या रस्त्यावरच्या शाखेत १९३७ साली ऑगस्टा बेकर आली. काळ्यांच्या जीवनावरची मुलांची पुस्तकं तिने एकेक करून पारखली, अपमानास्पद होती ती बाजूला काढली, उरलेल्यांचा संग्रह केला आणि त्यांची यादी छापली. प्रकाशकांना ती यादी दाखवून ‘बघा, किती कमी आहेत’ असं म्हणता येत होतं. १९६१ साली ती त्या ग्रंथालयाच्या सगळ्या शाखांमधल्या बालविभागाची प्रमुख झाली. त्या पदावरची ती पहिली कृष्णवर्णीय. पुढच्याच वर्षी पीटर बर्फात उतरला. त्याच्यासाठी जागा तयार होती.

२०२० साली या ग्रंथालयाला १२५ वर्षं झाली, तेव्हा आजवर सर्वांत जास्त वेळा घरी नेलेल्या पुस्तकांची यादी काढण्यात आली. पहिला क्रमांक ‘द स्नोई डे’चा: ४,८५,५८३ वेळा. ग्रंथपालाच्या आवडीनिवडीत किती ताकद असते तेही याच वेळी समोर आलं. ‘गुडनाइट मून’ हे अतिशय लोकप्रिय पुस्तक पहिल्या दहांत नव्हतं, कारण बालविभागाची एके काळची प्रमुख ॲन कॅरोल मूर हिला ते आवडलं नाही आणि १९७२पर्यंत ग्रंथालयाने ते घेतलंच नाही. फळीवर काय येतं हे कुणीतरी ठरवत असतं आणि त्यावर एखाद्या मुलाचं बालपण कसं जाईल हे थोडंफार ठरतं.

पीटरच्या यशाने सगळं बदललं असंही झालं नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बालपुस्तक केंद्राने १९८५ साली मोजणी केली, तेव्हा त्या वर्षी अमेरिकेत निघालेल्या सुमारे अडीच हजार बालपुस्तकांपैकी काळ्या लेखक-चित्रकारांची पुस्तकं अवघी १८ होती. म्हणून ते केंद्र तेव्हापासून दरवर्षी मोजतं. मोजणं हेही ग्रंथालयाचं काम आहे, हे मला या गोष्टीतून शिकायला मिळालं.

आपल्याकडेही ते करता येईल. तुमच्या गावच्या वाचनालयाच्या बालविभागात किंवा शाळेच्या ग्रंथपेटीसमोर एक दुपार बसा आणि वही घेऊन मोजा. ऊसतोडीला गेलेल्या आईबापाबरोबर कोपीत राहणारं मूल, मेंढरांमागे वाड्यावर फिरणारं मूल, कातकरी पाड्यावरचं, पारध्याच्या पालातलं, मोहल्ल्यातलं मूल किती पुस्तकांत आहे? त्यातल्या किती पुस्तकांत ते फक्त कीव यावी म्हणून किंवा कुणीतरी सुधारावं म्हणून आलं आहे? आणि किती पुस्तकांत ते पाऊस आल्यावर नुसतं गारा वेचायला धावतं, एखादी खिशात ठेवतं? असं पुस्तक सापडलं तर दोन प्रती घ्या. नाही सापडलं तर त्या वस्तीतल्या शाळेत जा, तिथल्या मुलांना कागद, कात्री, खळ द्या आणि गारपिटीच्या दिवसाबद्दल विचारा. त्यांच्यातलंच कुणीतरी ते पुस्तक करील.